चौदा जाकिटं आणि पाव इंच माया

मापं मागितली की माणसं खोटं बोलतात. मुद्दाम बोलतात असं नाही. बहुतेकांना स्वतःचं माप माहीतच नसतं, आणि मनात जो आकडा घर करून बसलेला असतो तो जुन्या, बारीक दिवसांतला असतो. गोधड्यांच्या प्रदर्शनात काम करणाऱ्या चौदा जणांकडून मी मापं मागवली, तर एकाने नुसतं ‘मीडियम’ लिहून पाठवलं. एकीने छाती, कंबर, सीट तिन्ही ३६ कळवली; हा आकार मी आजवर फक्त पिंपाचा पाहिलाय. एका ताईंनी तर फोनच केला. “अगं, तू मला बघितलंयस ना? मग अंदाजाने बेत की.”

अंदाजाने बेतलेले कपडे माझ्याच कपाटात तीन आहेत, त्यामुळे ते काही मी मनावर घेतलं नाही. शेवटी तोड अशी निघाली की अंगाचं माप नकोच. अंगात सैलसर, सुखाचा वाटणारा एखादा कपडा टेबलावर सपाट पसरा आणि त्याची मापं पाठवा. हे मात्र सगळ्यांनी दोन दिवसांत केलं. कपड्याबद्दल खोटं बोलायचं कुणाला काही कारण नसतं.

प्रदर्शनाला तेव्हा नऊ आठवडे होते. आधीच्या वेळी गर्दीत कामाचं माणूस कोण आणि पाहायला आलेलं कोण हेच कळत नव्हतं. मीच एका अनोळखी बाईंना “तिकडची ती शिडी जरा धरता का” म्हणाले होते, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी धरलीही होती. म्हणून यंदा सगळ्यांना एकसारखं काहीतरी घालायला द्यायचं ठरलं. छापील टीशर्टचा विषय निघाला. तेव्हा कुणीतरी म्हणालं, भिंतीभर हाताने शिवलेलं काम टांगायचं आणि त्याच्या शेजारी आपण तयार टीशर्ट घालून उभं राहायचं, हे बरं दिसेल का? खोली गप्प झाली. गप्प खोल्यांमध्ये माझी जीभ सैल सुटते. “मी शिवते,” म्हणाले.

मला वाटलं होतं, गोधड्या शिवता येतात म्हणजे जाकीट म्हणजे काय, हात घालायला दोन भोकं असलेली गोधडी. या समजुतीला पुढचे चार आठवडे टाके घालावे लागले.

दोन्ही कामांत सुई तीच, दोरा तोच, पण माया वेगळी. शिवणीच्या आत दडलेलं, टिपेच्या पलीकडे राहणारं जे कापड, त्याला आपल्याकडे शिंपी माया म्हणतात, आणि हा शब्द पहिल्यांदा कुणी या अर्थाने वापरला असेल त्याला माझा नमस्कार. तुकडे जोडून गोधडी करताना ही माया पाव इंच, म्हणजे दोन सूत. त्याहून जास्त ठेवली तर पाठीमागे कापडाचे जाड ढीग जमतात आणि वरून टाके घालताना सुई अडते. कमी ठेवली तर शिवण तग धरत नाही. आणि ही पाव इंच अगदी काटेकोर लागते. समजा प्रत्येक शिवण अर्धा सूत जास्त आत गेली. ती दोन्ही बाजूंचं कापड खाते, म्हणजे एका शिवणीमागे एक सूत गेलं. एका ओळीत आठ शिवणी असतील तर आख्खा इंच गायब, आणि शेजारची ओळ इंचभर लांब. मग दोन ओळी जोडताना जे काही होतं त्याला गोधडीवाले ‘समजूत घालणं’ म्हणतात, निदान आमच्याकडचे म्हणतात. ओढायचं, दाबायचं, वाफेची इस्त्री फिरवायची आणि दुसरीकडे बघायचं.

कपड्याला पाव इंच माया पुरत नाही. बाजारातल्या कागदी पॅटर्नवर साधारण पाच सूत धरलेली असते, दीड सेंटिमीटर. माझ्या हाताला वीस वर्षांची दोन सुतांची सवय. यंत्राच्या फुटाची कडा कापडाच्या कडेला लावली की पाव इंच येतं, तिथे बघावंही लागत नाही. पहिलं जाकीट मी त्या सवयीने शिवलं आणि ते नमुन्यापेक्षा सणसणीत मोठं झालं. चार उभ्या शिवणी, प्रत्येकीत दोन्ही बाजूंनी तीन-तीन सूत वाचले. चोवीस सूत, म्हणजे तीन इंच. मीडियमवाल्याला घालून बघितलं तर आत अजून एक मीडियम मावला असता.

दुसरा फरक इस्त्रीचा. गोधडीत शिवणीची माया एका बाजूला, शक्यतो गडद कापडाकडे दाबतात, म्हणजे ती फिक्या कापडाखालून डोकावत नाही. कपड्यात ती फोडून दोन्हीकडे सपाट करतात, नाहीतर खांद्यावर वळ उठतो. हे मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

गोधडी स्वतः पडून राहते, किंवा टांगली तर टांगलेली राहते. माणूस वाकतो, शिडी चढतो, कुल्ल्यावर हात ठेवून उभा राहतो. म्हणून कापड बेतण्याआधी मी एक वही घेऊन बसले आणि प्रत्येकाला विचारलं की तुम्ही दिवसभर नक्की काय करता. हा प्रश्न मला मापांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

गोधड्या टांगणारे तिघे. मोठ्या पलंगाची गोधडी ९० बाय १०८ इंचांच्या आसपास असते, आणि तिच्या पाठीला वरच्या कडेने चार इंचांचा नेफा शिवलेला असतो. नेफ्यातून दांडा ओवायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी शिड्यांवर चढून तो वर न्यायचा. म्हणजे या तिघांचे हात दिवसभर डोक्याच्या वर. दालनांत फिरणाऱ्या पाच जणी, हातात पांढरे मोजे घालून. पाहायला येणाऱ्यांना गोधडीची पाठ बघायची असते, आणि खरा दर्दी तर आधी पाठच बघतो. टाके कसे पडलेत, गाठी कुठे लपवल्यात. त्यांनी स्वतः हात लावायचा नाही. हातांचा घाम आणि तेल कापडात मुरतं, आणि दिवसात पाचशे हात लागले तर त्याचा डाग व्हायला वेळ लागत नाही. म्हणून मोजेवाल्या बाईंना सांगायचं, त्या कोपरा अलगद उचलून दाखवतात.

गंमत अशी की ही सगळी काळजी गोधडी उभी राहिल्यापासूनची. पलंगावर होती तोवर तिला मुलं, मांजरं, तापातली माणसं सगळे लागत होते. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जमवलेल्या जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या गेल्या. गोधड्यांची प्रदर्शनं त्याच्या आधीही भरत होती, जत्रांमध्ये, चर्चमध्ये. पण अमूर्त चित्रकला जिथे बघतात त्या भिंतींवर गोधडी चढली, आणि बघणाऱ्यांना ती लांबून, एकदम, आख्खी दिसली. लांबून बघायचं म्हटलं की मधे अंतर आलं, आणि अंतर आलं की ते राखणारं माणूस आलं. त्या माणसाला काय घालायचं, हा प्रश्न माझ्या टेबलावर आला.

वहीत पानभर अटी जमल्या. समोर बटणं नकोत, चेन नको, हुक नको, वेल्क्रो तर मुळीच नको. कोपरा उचलताना पोटाशी काहीही टोकदार असलं की टाक्यात अडकतं. त्याऐवजी आतून बांधायचा एक कापडी बंद. खिसे हवेत, मोज्यांच्या दुसऱ्या जोडीसाठी, मापाच्या टेपसाठी, पेन्सिलीसाठी. पेन्सिलच, पेन नाही. जुन्या कापडांच्या आसपास शाई फिरवायची नाही हा संग्रहालयांचा साधा नियम आहे, आणि खिशात फुटलेलं पेन ज्याने पाहिलंय त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. डावखुऱ्या दोघींचा खिसा दुसऱ्या बाजूला. बाह्या अर्ध्या. कापड सुती, आत कापसाचा थर नाही. मला जाकिटं खरीखुरी गोधडलेली करायची फार हौस होती, पण दिव्यांखाली आठ तास ते अंगात घालून उभं राहून बघा म्हणजे हौस फिटते.

आता रंग. इथे मी जे केलं ते सांगायला नको होतं, पण सांगते.

गर्द डाळिंबी कापड मिळालं. तसा रंग दहा वर्षांतून एकदा मिळतो. उजेडात लाल, सावलीत जवळजवळ काळा. मी अठ्ठावीस मीटर घेऊन टाकलं. आधी धुतलं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकतं आणि २२ इंच लांबीच्या जाकिटात हा इंचभराचा मामला होतो. पाणी लाल झालं. नव्या कापडाचं होतंच, असं मी स्वतःला म्हणाले. सुकवलं, इस्त्री केली, एक जाकीट नमुन्यादाखल शिवून मोजेवाल्या ताईंना दिलं की घालून बघा, कसं वाटतं सांगा. त्यांनी ते घातलं, हातांत मोजे चढवले, आणि सवयीने दोन्ही हात खिशात घालून आरशासमोर वळून वळून बघितलं. छान म्हणाल्या. मग हात बाहेर काढले.

मोज्यांची दहाही बोटं गुलाबी झाली होती.

आम्ही दोघीही काही क्षण नुसत्या त्या बोटांकडे बघत राहिलो. मग त्या म्हणाल्या, “बरं झालं, मोज्यांनी सांगितलं.” याच मोज्यांनी त्या कुणाच्या तरी दोन वर्षांच्या कष्टाचा पांढराशुभ्र कोपरा उचलणार होत्या.

रंग पाण्यात सुटणं वेगळं आणि घासून निघणं वेगळं. धुण्यात नुसता सुटा रंग वाहून जातो, पण कापडाच्या अंगावर बसलेला, धाग्यात न मुरलेला रंग कोरडा असतानाही दुसऱ्या कापडाला लागतो, आणि घामाने ओलसर झाला तर जास्तच. तपासायची पद्धत अगदी बाळबोध आहे. पांढऱ्या कापडाचा तुकडा बोटाला गुंडाळून दहा वेळा घासायचा. मग तोच ओला करून पुन्हा दहा वेळा. हे मी गोधडीच्या प्रत्येक तुकड्याला करते. जाकिटाला केलं नाही, कारण जाकीट गोधडीत जाणार नव्हतं. गोधडीला लागणार होतं, हे डोक्यात आलं नाही.

मग कढत पाण्यात साबण घालून तीन वेळा धुतलं. मीठ घाला, व्हिनेगर घाला असे सल्ले आले. ते सगळ्यांच्या आज्यांपासून चालत आलेत, पण कारखान्यात रंगवलेल्या सुती कापडावर त्याने रंग पक्का होत नाही. तिसऱ्या धुण्यानंतर कोरडं घासलं तर मोजा पांढरा राहिला. ओलं घासलं तर पुन्हा गुलाबी. अठ्ठावीस मीटर मी घडी करून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. ते अजून तिथेच आहे, आणि अजून सुंदर आहे. प्रदर्शनाला तेव्हा पाच आठवडे राहिले होते.

त्या रात्री मला ११ ऑक्टोबर १९८७ची छायाचित्रं आठवली. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर एड्सने गेलेल्यांच्या नावांची गोधडी त्या दिवशी पहिल्यांदा पसरली गेली. १,९२० तुकडे, प्रत्येक ३ फूट बाय ६ फूट, माणूस निजेल एवढा. आठ तुकड्यांचा मिळून १२ फुटांचा एक चौकोन. हे चौकोन घड्या घालून जागोजाग ठेवलेले असतात आणि ते उलगडणारे स्वयंसेवक पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असतात. चौकोनाभोवती उभं राहायचं, वाकून घडीचा कोपरा धरायचा, मागे सरकत सरकत उलगडायचं, आणि मग उचलून गवतावर टेकवायचं. बाजूला नावं वाचली जात असतात. गोधडीत जीन्सचे तुकडे, खेळण्यांतलं अस्वल, चकमकते मणी, घरात जे होतं ते सगळं लावलेलं. हे सगळं डोळ्यांत मावावं म्हणून उलगडणाऱ्याने अंगावर रंग ठेवलेला नाही. ते कपडे सगळ्यांचे एका मापाचे, एका कापडाचे नव्हते. जो तो आपला पांढरा सदरा, पांढरी विजार घालून आलेला. तरी एकच वाटतात.

आणि मी डाळिंबी घेऊन निघाले होते. खरं सांगायचं तर रंग सुटला नसता तरी ते चुकलंच असतं. भिंतीवर कुणी कशासाठी काय मांडलंय, त्याच्यापुढे सतत एक लाल ठिपका हिंडणार होता, आणि तो माझ्या हातचा होता म्हणून मला तो आवडणार होता.

पांढरं शक्य नव्हतं, शिडीवाले पांढऱ्यात एक तासही टिकले नसते. राखाडी घेतलं. दोन्ही प्रकारे घासून बघितलं, मग घेतलं. पण राखाडीची वेगळीच अडचण. जुन्या गोधड्यांच्या दालनात उजेड मुद्दाम मंद ठेवतात, कापडासाठी ५० लक्सच्या आसपास, कारण प्रकाशाने झालेली इजा भरून येत नाही. त्या उजेडात राखाडी माणूस भिंतीत विरघळतो. विचारायला कुणी सापडलंच नाही तर जाकिटांचा उपयोग काय? म्हणून डाव्या खांद्यावर हळदी रंगाचा एक पट्टा, सगळ्यांना तोच. आणि पाठीवर तुकड्यांची एक उभी रांग.

रांगेसाठी ‘फ्लाइंग गीज’ घेतला. उडत्या हंसांचा नमुना; एक मोठा त्रिकोण, बाजूला दोन छोटे, उंचीच्या दुप्पट रुंदी. एक आयत आणि दोन चौकोन घेऊन करतात. तयार हंस ३ बाय ६ हवा असेल तर आयत साडेतीन बाय साडेसहा आणि चौकोन साडेतीनचे. तो वरचा अर्धा इंच म्हणजे दोन्ही बाजूंची माया. चौकोन आयतावर ठेवून तिरकी टीप मारायची, कोपरा उलटवायचा. शिकवायला दहा मिनिटं लागतात आणि टोक नीट यायला दहा वर्षं.

मी सात हंसांची रांग ठरवली आणि चौदा रांगा एकदम शिवून टाकल्या. सगळ्या ३ बाय ६च्या, सगळ्या २१ इंच लांब. एकसारखं हवं होतं ना! रांग मध्ये, दोन्ही बाजूंना साधं राखाडी कापड, ज्याचं जेवढं माप तेवढं. हिशेब मला फार हुशारीचा वाटला होता. मग सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान जाकीट शेजारी शेजारी टांगलं. मोठ्याचा घेर ५६, छोट्याचा ३४. मोठ्याच्या पाठीवर रांग एखाद्या टायसारखी लटकत होती, आजूबाजूला मैदान. छोटीच्या पाठीवर हंसच हंस. ती आत कुठे आहे ते शोधावं लागत होतं, आणि खालचे दोन हंस तिच्या जाकिटाखाली निघून गेले होते. तुकडे सारखे होते, पण जाकिटं दोन वेगळ्या प्रदर्शनांची वाटत होती.

ज्या गोष्टीला एबेनेझर बटरिकने १८६३ साली सुरुवात केली, एकच कपडा वेगवेगळ्या मापांच्या कागदी पॅटर्नमध्ये आखून विकायला, त्यात गुपित हेच आहे. माप वाढवायचं म्हणजे कडेला कापड जोडायचं असं नाही. गळा किती वाढेल, खांदा किती, बाही जिथे जोडतात तो मुंढा किती, प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. छाती चार इंच वाढली म्हणून खांदा चार इंच वाढत नाही, नाहीतर मोठ्या अंगाच्या प्रत्येक माणसाचे खांदे दारात अडकले असते. हे मला कपड्याच्या बाबतीत पटत होतं, हंसांच्या बाबतीत सुचलं नव्हतं.

चौदातल्या नऊ रांगा उसवल्या. उसवण्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय की ते रात्री करू नये. नवीन हंस केले, मोठ्यांना ३ बाय ६, मधल्यांना अडीच बाय पाच, छोट्यांना दोन बाय चार. सात हंस सगळ्यांना, पण रांग कुणाची २१ इंच, कुणाची साडेसतरा, कुणाची १४. पुन्हा टांगून वीस पावलं मागे गेले. आता एकसारखी दिसत होती. त्यांतल्या कोणत्याही दोन जाकिटांच्या तुकड्यांचं कापड सारखं नव्हतं. मी पेटीतले उरलेले तुकडेच वापरले होते, हंस उबदार रंगांतले आणि आकाश थंड रंगांतलं एवढी एकच अट पाळून.

फुलांचे तुकडे मला नकोत, असं शिडीवाल्यांपैकी एकाने आधीच कळवलं होतं. त्याला रेघा आणि चौकटी दिल्या. शेवटच्या दिवशी तो मोठ्याच्या पाठीवरचं एक फूल दाखवून म्हणाला, असलं माझ्यात का नाही. अशा वेळी मी ऐकू न आल्यासारखं करते.

त्याच्याच जाकिटाने मला मुंढा शिकवला. ट्रायलला त्याने हात वर केले आणि जाकीट आख्खं वर गेलं, पोट उघडं. माझं साधं गणित, काखेत आवळतंय तर मुंढा खाली उतरवा, जागा करा. इंचभर उतरवला. आणखी वर गेलं. ज्यांना कपडे शिवता येतात ते इथे हसतील. बाही असलेल्या कपड्यात मुंढा जेवढा खोल तेवढी बाही अंगाच्या शिवणीला खालून बांधलेली, म्हणून हात उचलला की तो सगळं अंग ओढून नेतो. मुंढा काखेच्या जवळ, वर हवा. मग हात उचलला तरी अंग जागेवर राहतं. खोल मुंढा टांगलेला असताना ऐसपैस दिसतो, एवढंच. कापलेलं कापड परत वर चढवता येत नाही, त्यामुळे त्याच्या जाकिटाला काखेत एक पाचर आहे. चौकोनी तुकडा, तिरका लावलेला. हात वर केल्याशिवाय दिसत नाही, आणि तो दिवसभर हात वरच करून होता.

तिकिटं तपासणाऱ्या ताई चाकाच्या खुर्चीत असतात. त्यांना मी शेवटी ठेवलं होतं, भीतीपोटीच. बसलेल्या अंगाचं जाकीट उभ्या अंगाच्या जाकिटाला खालून कापून होत नाही. पुढचा भाग मांडीवर गोळा होतो म्हणून पुढून आखूड, पाठ उघडी पडते म्हणून मागून लांब. बाजूचे खिसे खुर्चीच्या हातांत अडकतात, ते छातीवर आणले. आणि पाठीच्या मधोमध शिवणी नकोत, कारण आपण ज्या शिवणीवर कधीतरी टेकतो त्या शिवणीवर त्या दहा तास टेकतात. तेव्हा त्यांचे सात हंस पुढे आले, उजव्या काठाने खांद्याकडे जाणारे. “बरंय,” त्या म्हणाल्या, “माझ्याकडे लोक समोरूनच येतात.”

प्रदर्शनाचा पहिला दिवस. चौदाही जण राखाडीत. तिघांनी हंसांना बाण समजून विचारलं की हे बाहेर जायच्या रस्त्याकडे आहेत का. बाकी कुणी काही म्हणालं नाही, आणि मला ते आवडलं असं म्हणणं शोभलं असतं. पण मी दोनदा उगाचच पाठमोऱ्या रांगेशेजारी रेंगाळले, कुणी विचारतंय का बघायला.

भिंतीवर प्रत्येक गोधडीशेजारी करणारणीचं नाव होतं. ते नेहमी असतंच असं नाही. १९३३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सिअर्स कंपनीने गोधड्यांची स्पर्धा ठेवली होती. २४ हजारांहून अधिक गोधड्या आल्या, ऐन मंदीच्या दिवसांत, कारण पहिलं बक्षीस हजार डॉलरचं होतं. ते मिळालं केंटकीच्या मार्गारेट रॉजर्स केडन यांना, आणि गोधडी पुढे एलेनॉर रूझवेल्ट यांना भेट गेली. केडन यांनी त्यात टाका घातला नव्हता. ती दुसऱ्या बायकांनी मजुरीवर शिवलेली होती, आणि त्यांचं नाव खूप वर्षांनी, गोधड्यांचा इतिहास धुंडाळणाऱ्यांनी पुढे आणलं. ही गोष्ट मी कित्येक वेळा सांगते, दर वेळी त्या बायकांच्या बाजूने चिडून. यंदा पहिल्यांदाच ती मला स्वतःबद्दल आठवली, आणि थोडी लाज वाटली. मला कुणी मजुरीवर बसवलं नव्हतं. गप्प खोलीत मीच बोलले होते.

संध्याकाळी दारं बंद झाल्यावर तिकिटवाल्या ताईंनी हाक मारली. जाकीट उत्तम आहे, म्हणाल्या, फक्त खुर्ची ढकलायला लागलं की दंडात आवळतं. मी त्यांना बसलेलं मोजलं होतं, खुर्ची ढकलताना मोजलं नव्हतं. त्यांचा दंड दिवसभर जे काम करतो ते आमच्या कुणाच्याच दंडाला जमणार नाही, आणि बाही मात्र मी माझ्या दंडाकडे बघून ठरवली होती.

“उद्या बघू का?” मी म्हणाले.

“उद्या सकाळी नऊला दारं उघडतात.”

मग त्यांनी जाकीट काढून माझ्या हातात दिलं. दालनात टाचण्या न्यायच्या नाहीत म्हणून मी तिकिटांच्या टेबलाशीच बसले, त्या समोर हिशेब जुळवत बसल्या. बाही उलटी केली. बाहीच्या कडेपासून काखेपर्यंत शिवण उसवली आणि माया उलगडून टेपने मोजली. कधी नव्हे ते त्या एका बाहीला, घाबरून, मी पाऊण इंच सोडलेली होती. पाव इंच ठेवली, बाकीची सगळी दिली.